शिवेपलीकडचें विद्यापीठ

वसईहून सुरतेस जावयाचें तर आगगाडीचा प्रवास सुमारें २०० किलोमीटरांचा, आणि नागपुरास जावयाचें तर सुमारें ८०० किलोमीटरांचा. सकाळीं निघालेला मनुष्य दुपारच्या जेवणास सुरतेंत असतो. नागपूरच्या वाटेवर बहुधा एक रात्र गाडींत काढावी लागते. दोन्ही शहरीं केंद्र सरकारच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था आहेत. सुरतेची सरदार वल्लभभाईंच्या नांवाची, नागपूरची विश्वेश्वरय्यांच्या नांवाची. आतां वसईच्या ज्या मुलानें बारावीची परीक्षा वसईंतच दिली, त्यास प्रवेशाच्या यादींत नागपूर हें घरचें राज्य ठरतें आणि सुरत परराज्य. ह्या संस्थांतील निम्म्या जागा त्या त्या राज्यांतील विद्यार्थ्यांसाठीं व निम्म्या इतर राज्यांतील विद्यार्थ्यांसाठीं असतात. म्हणून एकाच मुलाचा, एकाच परीक्षेंतील, एकच क्रमांक दोन शहरीं दोन निरनिराळ्या रांगांत उभा राहतो.

परराज्यांत शिकावयास जाणें म्हणजे लांब जाणें, अशी जी समजूत घरोघर असते ती येथेंच ढासळते. अंतर गाडीच्या तिकिटावर छापलेलें असतें. राज्याची शीव कोठेंच छापलेली नसते. ती नियमांत असते, दाखल्यांत असते, आणि पुष्कळ घरांना ती दिसते ती प्रवेशाची यादी लागल्यावर.

वसई-विरारच्या लोकांस ह्या विषयाची संवय नाहीं, ह्याचें कारण त्यांचें सुदैव होय. मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें आणि बरोबर दहा वर्षांनीं, १८६७ च्या एप्रिलांत, विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत आगगाडी सुरू झाली. रत्नागिरी-मालवणकडच्या मुलास कॉलेजाचें तोंड पाहावयाचें तर बोटींत बसून घर सोडावें लागे. मुंबई-पुण्यास नातलगाच्या बिऱ्हाडीं एखादा कोपरा मिळवावा लागे, नाहीं तर आठवड्याचे सात वार सात घरीं लावून जेवावें लागे. वसईकडे गाड्या वाढत गेल्या तसा येथला मुलगा सकाळची गाडी धरून एल्फिन्स्टन, विल्सन किंवा झेवियर कॉलेजांत वेळेवर पोहोंचूं लागला व दिवेलागणीस घरीं परतूं लागला. आज तर वर्तक, गोन्सालो गार्सिया, विवा अशीं मुंबई विद्यापीठास जोडलेलीं महाविद्यालयें वसई-विरारमध्येंच आहेत. कित्येक पिढ्या आईनें भरून दिलेल्या डब्यावर पदवीधर झाल्या. परिणाम असा कीं घर सोडून शिकणें म्हणजे काय, हें सांगणारे आजोबा ह्या भागांत फारसे नाहींत. आणि जो सल्ला दक्षिण कोंकणांतल्या घरांत वडीलधारीं माणसें देतात तो येथें शिकवणी वर्गांच्या जाहिराती देतात.

शिवाय ही शीव फार जुनी नव्हे. १ मे १९६० पर्यंत मुंबई व अहमदाबाद एकाच राज्यांत होतीं. त्या दिवशीं तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील उंबरगांव तालुक्यांतलीं गांवें गुजरातेंत गेलीं; म्हणून घोलवड मागें पडलें कीं थोड्याच वेळांत, डब्यांतल्या कोणाच्या ध्यानांतहि न येतां, राज्य बदलतें. विद्यापीठांच्या शिवा तर त्याहून निराळ्याच होत्या. एके काळीं कराची, अहमदाबाद व धारवाड येथील कॉलेजांतलीं मुलें मुंबई विद्यापीठाच्याच परीक्षा देत. बडोदें हें संस्थान, म्हणजे ब्रिटिश मुलखाबाहेरचें. परंतु १८८१ सालीं निघालेलें बडोदें कॉलेजहि मुंबई विद्यापीठासच जोडलेलें होतें, आणि तेथल्या मुलांस परीक्षेसाठीं मुंबईस यावें लागे. १९१६ सालीं विनोबा भावे इंटरच्या परीक्षेसाठीं म्हणून बडोद्याहून ह्याच लोहमार्गानें निघाले, वाटेंत सुरतेस उतरले आणि त्यांनीं काशीचा रस्ता धरला. घरच्यांस तें पत्रानें कळलें. ज्या गांवचें तिकीट काढून दिलें त्याच गांवीं मुलगा उतरेल, ह्याची हमी आईबापांस तेव्हांहि नव्हती!

काशीस जाणाऱ्या जुन्या विद्यार्थ्यास दाखला लागत नसे; लागे ती ओळख. गुरुजींच्या नांवें एक चिठ्ठी, ब्रह्माघाट-दुर्गाघाटाच्या बाजूची महाराष्ट्रीयांची वस्ती, आणि अन्नछत्रांतली पंगत, एवढ्यावर त्याचीं वर्षें निघत. ही व्यवस्था प्रेमळ होती खरी. पण ती ओळखीच्यांपुरती आणि जातीच्या चौकटीपुरती होती. त्या चौकटीबाहेरच्याचें काय होई तें डॉ. आंबेडकरांच्या चरित्रांत दिसतें. १९१३ सालीं बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीमुळें त्यांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत जातां आलें. परंतु १९१७ सालीं ते नोकरीसाठीं बडोद्यास आले तेव्हां त्या शहरांत त्यांना राहावयास जागा मिळेना, आणि पारशांची एक धर्मशाळा मिळाली तीहि सोडावी लागली. आजच्या दाखल्यांचा ज्यांना कंटाळा येतो त्यांनीं एवढें ध्यानांत घ्यावें कीं कागद निदान ओळख तरी विचारीत नाहीं.

मराठवाड्याच्या मुलांची तऱ्हा तर उलटीच होती. ते घरच्याच राज्यांत परके होते, कारण हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाचें माध्यम उर्दू. १९३८ सालीं वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावरून तेथें तंटा होऊन अनेक विद्यार्थी काढून टाकण्यांत आले, तेव्हां नागपूर विद्यापीठानें त्यांना आपल्या दारांत घेतलें. नागपूर त्या वेळीं मध्यप्रांतांत होतें. म्हणजे घरच्या राज्यानें बाहेर काढलेल्यांस परमुलखानें पदव्या मिळवूं दिल्या.

भारत हा एक देश आहे. मग विद्यापीठानें मुलाचें राज्य विचारावेंच कां, असा प्रश्न साहजिक उठतो. जन्मस्थानावरून नागरिकांत भेद करूं नये, असें घटनेच्या १५ व्या कलमांत लिहिलेलेंहि आहे. हा वाद १९५५ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें आला. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत शिकणाऱ्या दिल्लीच्या एका विद्यार्थ्याकडून, तो मध्य भारत राज्याबाहेरचा म्हणून, नेहमींच्या फीशिवाय जादा रक्कम घेतली जात होती. न्यायालयानें बहुमतानें राज्याची बाजू उचलून धरली. जन्म कोठें झाला हें एक आणि वास्तव्य कोठें आहे हें दुसरें. घटनेची मनाई पहिल्यावरून भेद करण्यास आहे, दुसऱ्यावरून नव्हे, असा त्या निकालाचा आशय. वरवर पाहतां हा शब्दांचा कीस वाटेल, पण पुढचा सगळा डोलारा ह्याच भेदावर उभा आहे. १९८४ सालीं प्रदीप जैन ह्यांच्या खटल्यांत न्यायालयानें ह्या प्रथेस मर्यादा घातली. सगळ्याच जागा राज्यानें आपल्या मुलांसाठीं राखूं नयेत असें बजावलें. त्यांतूनच सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतील पदवीच्या १५ टक्के जागा अखिल भारतीय यादींतून भरण्याची रीत पडली. उरलेल्या ८५ टक्के जागा राज्याच्या. २०२५ च्या जानेवारींत, पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणांत वास्तव्यावरून जागा राखणें घटनेस धरून नाहीं, असाहि निकाल झाला; परंतु तो पदव्युत्तर शिक्षणापुरता. बारावीच्या मुलापुढें अजून ८५ आणि १५ हेंच गणित आहे.

ह्या गणिताचा फटका कोठें बसतो तें समजण्यासाठीं वसईंतलें कोणतेंहि एक घर डोळ्यांपुढें आणावें. मुलगी दहावीस चांगल्या गुणांनीं उत्तीर्ण झाली आहे; डॉक्टर व्हावयाचें म्हणते. शेजारचा कोणी मुलगा राजस्थानांत कोटा येथें शिकवणीसाठीं गेला होता, त्याचा फोटो वर्तमानपत्राच्या जाहिरातींत आला. रात्रीं जेवतां जेवतां ठरतें कीं हिलाहि दोन वर्षें तेथें ठेवावी. वर्गाची फी, वसतिगृहाचें भाडें, खाणावळ, गाडीचें जाणें-येणें, सगळ्याचा हिशेब वहीच्या पाठीमागच्या पानावर होतो. अकरावी-बारावीचें नांव तिकडच्याच एखाद्या शाळेंत घालावें, हजेरीची काळजी करूं नये, असें कोणी सांगतो आणि तेंहि सोईचें वाटतें. हिशेबांत एकच रक्कम मांडावयाची राहते. महाराष्ट्राच्या ८५ टक्के जागांवर हक्क सांगावयाचा तर, कांहीं थोडे अपवाद सोडल्यास, अधिवासाच्या दाखल्याबरोबर दहावी आणि बारावी ह्या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रांतल्याच शाळा-महाविद्यालयांतून उत्तीर्ण झालेल्या असाव्या लागतात. बारावी कोट्यास झाली कीं ती मुलगी महाराष्ट्राच्या यादींतून गेली. राजस्थानची यादी राजस्थानच्या रहिवाशांसाठीं. दोन वर्षांच्या वसतिगृहानें कोणी तेथला रहिवासी होत नाहीं. राहिल्या त्या १५ टक्क्यांतल्या जागा, आणि खाजगी व अभिमत संस्थांच्या सर्व राज्यांस खुल्या असलेल्या जागा, ज्यांची फी ऐकून बाप दोन वेळां विचारतो कीं ही वर्षाची कीं सगळ्या अभ्यासक्रमाची.

घर वसईंत, शिधापत्रिका वसईची, आईबाप कर भरतात ते महाराष्ट्रांत. आणि मुलगी मात्र सोळाव्या वर्षीं, तिला स्वतःला न कळतां, दोन्हींकडून बाहेरची झाली. हें नुकसान पुढें कितीहि गुण मिळवून भरून निघत नाहीं, कारण तें गुणांचें नुकसानच नव्हे.

अभियांत्रिकीचा नियम इतका कडक नाहीं. बारावी बाहेर झालेल्या मुलास, तो स्वतः किंवा त्याचे आईवडील महाराष्ट्राचे अधिवासी असल्यास, महाराष्ट्राच्या यादींत दार उघडें आहे. गंमत राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांची आहे. तेथें बारावी कोठें झाली एवढेंच पाहतात. म्हणून कोट्यास बारावी झालेल्या वसईच्या मुलास जयपूरची संस्था घरची होते आणि नागपूरची परकी! एकाच मुलाचें घर एका खात्यांत वसईस, दुसऱ्यांत राजस्थानांत. ह्यांत तर्क शोधण्यापेक्षां प्रत्येक परीक्षेचें नियमपुस्तक अकरावीचा अर्ज भरण्यापूर्वीं वाचणें अधिक शहाणपणाचें.

कोट्याविषयीं आणखी एक गोष्ट, थोडक्यांत. २०२३ सालीं त्या एका शहरांत वीसहून अधिक विद्यार्थ्यांनीं आत्महत्या केली. २०२४ च्या जानेवारींत केंद्र सरकारनें सोळा वर्षांखालील मुलांस शिकवणी वर्गांनीं घेऊं नये अशीं मार्गदर्शक तत्त्वें काढलीं. अठराव्या वर्षीं विद्यापीठासाठीं घर सोडणें आणि पंधराव्या वर्षीं शिकवणीसाठीं घर सोडणें ह्या दोन अगदीं वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांना एकाच नांवानें ओळखूं नये.

जातीच्या दाखल्याविषयींचा गैरसमज अधिक खोल आहे. अनुसूचित जाती व जमाती ह्यांच्या याद्या घटनेच्या ३४१ व ३४२ ह्या कलमांप्रमाणें राज्यवार केलेल्या आहेत. १९९० सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या पांच न्यायाधीशांपुढें जो खटला निकालांत निघाला तो मुंबईच्याच एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रवेशाचा होता. विद्यार्थी आंध्रांत जन्मलेला, तेथें त्याची जमात यादींत होती. वडील नोकरीनिमित्त महाराष्ट्रांत आलेले. न्यायालयानें ठरविलें कीं ही सवलत त्या त्या राज्यापुरती आहे. माणसानें स्थलांतर केलें म्हणून ती त्याच्याबरोबर येत नाहीं. तीच जात दोन्ही राज्यांच्या यादींत असली तरी फरक पडत नाहीं, हें १९९४ च्या दुसऱ्या एका निकालानें स्पष्ट झालें. वारली जमात महाराष्ट्राच्या यादींत आहे आणि गुजरातच्याहि. तरीहि पालघर जिल्ह्यांतल्या वारली मुलास गुजरात राज्याच्या राखीव जागेवर हक्क सांगतां येणार नाहीं. केंद्राच्या संस्थांत मात्र, म्हणजे आय. आय. टी. किंवा केंद्रीय विद्यापीठांत, आपल्या राज्याचा दाखला चालतो. इतर मागासवर्गीयांसाठीं तेथें केंद्राची यादी पाहतात आणि दाखलाहि केंद्राच्या नमुन्यांतला मागतात. राज्याच्या नमुन्यांतला दाखला घेऊन दिल्लीस गेलेला मुलगा तेथल्या खिडकीवरून परत फिरतो, आणि तहसील कचेरी तर पालघर जिल्ह्यांत राहिलेली असते.

पैशाचें पाहतां, २०२४ च्या जुलैंत महाराष्ट्र सरकारनें आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील ठराविक प्रवर्गांच्या मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमांची संपूर्ण फी माफ केली. ही माफी महाराष्ट्रांतल्या संस्थांसाठीं आहे. वसईची मुलगी वापीस गेली कीं ती गेली. अनुसूचित जातींसाठीं असलेली भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मात्र परराज्यांत शिकणाऱ्यासहि मिळूं शकते, आणि ती त्याच्या स्वतःच्या राज्याकडून मागावयाची असते, हें पुष्कळांना ठाऊक नसतें.

एवढें वाचून कोणी घराचें दार लावून बसेल, तर तेंहि चुकीचें होईल. जाण्यासारख्या जागा पुष्कळ आहेत. आय. आय. टी. राज्य विचारीत नाहींत. केंद्रीय विद्यापीठांसाठीं २०२२ पासून एकच सामाईक प्रवेशपरीक्षा आहे, आणि वसईच्या मुलीस दिल्ली किंवा बनारस येथें प्रवेश मागण्यास तिचें महाराष्ट्रीयपण आड येत नाहीं. १९१६ सालीं निघालेल्या बनारस हिंदु विद्यापीठांत संस्कृत विद्येपासून अभियांत्रिकीपर्यंत जें एका आवारांत मिळतें तें मुंबईस एका ठिकाणीं मिळत नाहीं. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठांत १९५० पासून ललितकलांची शाखा आहे. तिचा लौकिक देशभर आहे, विद्यापीठाचें माध्यम इंग्रजी असल्यामुळें गुजराती न येणें आड येत नाहीं, आणि शहरांत गायकवाडांच्या काळापासून स्थायिक झालेलीं मराठी घरें आहेत. जो विषय घराजवळ नीट शिकवीत नाहींत त्यासाठीं शीव ओलांडावी, हें योग्यच. घराजवळ तोच विषय तितकाच चांगला शिकवीत असतां केवळ दूरच्या नांवासाठीं ओलांडावी, हें महाग पडतें.

जातांना बारावीच्या मंडळाकडून स्थलांतराचा दाखला घ्यावा लागतो, ज्यास सगळे मायग्रेशन म्हणतात. पालघर जिल्हा मुंबई विभागीय मंडळांत येतो आणि त्याची कचेरी नव्या मुंबईंत वाशीस आहे. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा व अधिवासाचा दाखला ह्यांच्या प्रती घरीं ठेवूनच मूळ कागद बाहेर काढावे. महाविद्यालयानें मूळ कागद तपासून परत करावे, अडकवून ठेवूं नयेत, असा विद्यापीठ अनुदान मंडळाचा २०१८ चा आदेश आहे. कोणी ठेवून घेऊं लागलें तर तो नम्रपणें दाखवावा.

भाषेची भीति वसईच्या मुलानें बाळगण्याचें कारण नाहीं. घरांत सामवेदी किंवा वाडवळी, शाळेंत पुस्तकी मराठी, बाजारांत गुजराती, लोकलमध्यें हिंदी, असा त्याचा दिवस लहानपणापासून चाललेला असतो. चौथी-पांचवी भाषा त्यास जड जात नाहीं. जड जातें तें जेवण. भाताचा ज्याला घास लागतो त्यास उत्तरेकडच्या खाणावळींत दोन वेळ पोळी खाऊन पोट भरल्यासारखें वाटत नाहीं, आणि सुक्या मासळीचा डबा वसतिगृहाच्या खोलींत उघडला तर पहिल्याच आठवड्यांत मैत्रीऐवजीं तक्रार होते. आगाशीकडचीं सुकेळीं त्या दृष्टीनें फार सोईचीं: वास नाहीं, लवकर बिघडत नाहींत, आणि खोलींतल्या दुसऱ्या मुलास तीं काय आहेत हें सांगतां सांगतां बोलणें सुरू होतें.

सुटींत घरीं येण्यासाठीं रेल्वेची विद्यार्थी-सवलत अजून चालू आहे. २०२० सालीं बहुतेक सवलती बंद झाल्या त्यांतून विद्यार्थी वगळले होते. शयनयान व दुसऱ्या वर्गास निम्में भाडें पडतें, अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांस पाव. त्यासाठींचा फॉर्म महाविद्यालयाच्या कचेरींतून शिक्का मारून घ्यावा लागतो. आणि दिवाळीच्या आधीं त्या खिडकीवर गर्दी होते, म्हणून तो सहामाही परीक्षेपूर्वींच मागून ठेवावा.